पितळी मीटरचा काटा

विश्वास ठेवा असा आग्रह मी धरणार नाही. पण यातलं एक अक्षरही पदरचं नाही. मी तिथे होते. चावी माझ्याच हातात होती.

आणि रात्र नव्हती. मंगळवार होता, दुपारचे सव्वातीन. घरामागच्या आमच्या गॅरेजात पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडले होते, टिकलीएवढे.

बाबा जाऊन अकरा महिने झाले होते. मागे राहिली होती त्यांची मोटार. माझ्या जन्माआधीची, हिरवी, गोल दिव्यांची. बाबा तिला म्हातारी म्हणायचे. इंजिन तापेपर्यंत बॉनेटवर हात ठेवून गुणगुणायचे...

"चाल बाई चाल, सावकाश चाल,
घरी नेऊन सोड माझं लेकरू-बाळ."

रविवारी आईला त्याच गाडीतून घाटापलीकडे मावशीकडे जायचं होतं. "एकदा बसते त्यांच्या गाडीत," म्हणाली. दादा मेकॅनिक, बाबांच्याच हाताखाली तयार झालेला. "नेतो की," म्हणाला.

पण म्हातारीचं ऑइल प्रेशर पडत होतं.

इंजिन गार असताना सगळं ठीक. तापलं की काटा खाली... खाली... आणि लाल दिवा.

"काटा खोटं बोलतोय," दादा म्हणाला. त्याने तेलाची पातळी पाहिली. बरोबर होती. तेल बदललं. सेन्सर बदलला. दिवा लागायचा तो लागलाच.

मग त्याने बाबांचं पितळी मीटर काढलं. सेन्सरच्या जागी त्याची नळी जोडायची. तेल स्वतः नळीतून येतं आणि काटा ढकलतं. वायर नाही, सेल नाही. "हे खोटं बोलत नाही," बाबा म्हणायचे.

खाली शिरता यावं म्हणून दादाने गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली. लांब नळीचं ते मीटर खिडकीपाशी, माझ्या डोळ्यांसमोर टांगलं. मी स्टिअरिंगपाशी बसले.

खुणा बाबांच्याच होत्या. इंजिन चालू असलं की गाडीखालच्या माणसाची हाक ऐकू येत नाही. म्हणून त्याने पान्याने ठोकायचं. एक ठोका, चालू कर. दोन ठोके, बंद कर.

"दोन म्हणजे दोन. विचार करत बसू नकोस," दादा म्हणाला.

"लहानपणापासून बसतेय मी इथे."

"बसतेसच फक्त!"

हसत हसत तो वाकला. वाकताना त्याने चाक धरलं आणि क्षणभर डोळे मिटले.

"काय रे?"

"काही नाही. सकाळपासून पोटात काही नाहीये."

तो गाडीखाली सरकला.

टक.

मी चावी फिरवली. म्हातारी खोकली, मग सुरू झाली. मीटरचा काटा पन्नास पौंडांवर. दहा मिनिटं गेली, तेल तापलं. चाळीस... पंचवीस... बारा...

टक. टक.

मी इंजिन बंद केलं.

"का गं बंद केलंस?" खालून दादा.

"तू ठोकलंस ना!"

"मी कुठे ठोकलं? पेचकस कानाला लावून ऐकतोय मी." लांब पेचकसाचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावली, की आतली खडखड ऐकू येते. "कर चालू. कान तपासून घे एकदा."

पुन्हा एक ठोका. पुन्हा इंजिन. काटा बारावर आला... दहा... आठ...

टक. टक.

या वेळी जोरात. माझ्या पायाखालचा पत्रा थरथरला.

"दादा!"

"मी नाही गं." आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

इंजिन बंद होतं. तेलाचा एक थेंब ट्रेमध्ये पडला. तोही ऐकू आला.

आणि माझ्या डोळ्यांसमोर... काटा हलला.

चावी माझ्या मुठीत होती. तेलाला ढकलणारं काहीच चालू नव्हतं. काटा शून्यावर बसायला हवा होता.

तो वीसवर चढला. खाली आला. पुन्हा वीस. पुन्हा खाली.

सावकाश. ठेक्यात.

ठेका माझ्या ओळखीचा होता. चाल बाई चाल... सावकाश चाल...

दादा बाहेर आला. मीटर बघितलं आणि पांढराफटक पडला. दोघांनाही एकच आठवलं होतं.

बाबांच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना चक्कर यायची. घरातलं रक्तदाबाचं यंत्र रोज कमी आकडा दाखवायचं. दादाने यंत्राचे सेल बदलले. आकडा तोच. त्याने यंत्र खोलून बघितलं, पुसलं, परत बसवलं. "मीटर खराब आहे," म्हणाला. "बाबांकडे बघ ना, ठणठणीत आहेत!" आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. बाबांनीसुद्धा.

चौथ्या दिवशी ते याच गॅरेजात सापडले. हातात पाना होता.

त्या मंगळवारी संध्याकाळीच दादाने इंजिनचं तेलाचं चेंबर उतरवलं. तळाशी चकचकीत चुरा साठला होता. बेअरिंग झिजून गेली होती. "घाटात इंजिन जाम झालं असतं," तो हळूच म्हणाला. "आणि आई शेजारी."

ठोक्यांचं ऐकून आई रडली, मग हसली. "गेले तरी मेले काळजी करतात," म्हणाली.

तिच्यापुरती गोष्ट तिथे संपली. मलाही तसंच वाटलं होतं.

दादाने मीटर काढलं, पुसलं, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं. नळी मोकळी लोंबते. ती कशालाच जोडलेली नाही.

तरी काटा हलतो.

दादा गॅरेजात नसला की शून्य. मी एकटीने तासभर बसून पाहिलंय. तो आत आला... की काटा उठतो. वर, खाली. वर, खाली.

आधी वीसपर्यंत जायचा. मागच्या आठवड्यात चौदा.

काल नऊ.

"दादा, माझ्यासाठी म्हणून ये. डॉक्टरकडे नुसतं जाऊन येऊ."

"कशाला?"

मी भिंतीकडे बोट केलं.

त्याने वर बघितलंही नाही. "मीटर खराब आहे गं," म्हणाला.

तेच शब्द. तोच सूर.

मग तो उठला आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून उभा राहिला. डोळे मिटून. बराच वेळ.

गाडी अंगणात होती. पाने सगळे खिळ्यांवर होते.

टक. टक.

दादाने ऐकलं. तो दचकलेला मी पाहिला. हात लांब करून त्याने रेडिओ मोठा केला.

आईला मी आज सकाळी सगळं सांगितलं. ती डॉक्टरांना घेऊन यायला गेली आहे. मी गॅरेजच्या दारात बसून हे लिहितेय. दादा आत आहे. पाठमोरा, वाकलेला.

रेडिओ चालू आहे. मोठ्या आवाजात.

त्यामुळे दुसरं काहीच ऐकू येत नाहीये...