तीन ठोके

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, मी पदरचं काही घालत नाहीये. ज्या हॉलमध्ये हे घडलं तिथे माणसं खचाखच बसली होती. त्यातलं एकही माणूस आज या विषयावर तोंड उघडत नाही.

रविवारची संध्याकाळ होती. बाहेर अजून उजेड होता.

माझ्या मामाची शोकसभा होती, त्याच्याच इमारतीच्या हॉलमध्ये.

मामा नळदुरुस्ती करायचा. माझा तो सख्खा मामा, पण अख्खी इमारत त्याला मामाच म्हणायची. खिशात पाना नसलेला मामा कुणी पाहिलेला नाही. कुणी हाक मारली की भरल्या ताटावरून उठायचा. मामी होती तेव्हा चिडवायची, घरचा नळ गळतोय आणि हे गावाला पाणी पाजतायत. तो नुसता हसायचा. घरचा नळ गळतच राहिला.

त्याची मुलगी, माझी ताई, पुढच्या रांगेत बसली होती. बापलेकीचं भारी गूळपीठ. लहानपणी मामा तळघरात पंपाजवळ काम करायचा आणि ही वर घरात नळापाशी उभी राहायची. तळघरातून हाक ऐकू येत नाही, मोबाइल तर आजही लागत नाही. म्हणून मामा पान्याने लोखंडी पाइपावर ठोकायचा. एक ठोका म्हणजे नळ बंद कर. दोन म्हणजे सोड.

तीन म्हणजे, खाली ये.

मग ताई वरून उलथन्याने एकदाच ठोकायची. म्हणजे, आले.

ही भाषा त्या दोघांचीच. बाकी कुणाला तिचा पत्ता नव्हता.

सभेत एकेक जण बोलला. शिंपीकाकांच्या दुकानात पाणी शिरलं तेव्हा मामाने आधी कापडं उचलली, मग पाइपाकडे बघितलं. हे सांगताना काकांना पुढे बोलवेना. मग पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई उठल्या.

"शेवटपर्यंत काम करत होते हो मामा," बाई म्हणाल्या. "त्या दुपारी मी घरीच होते. पाइपावर त्यांची ठकठक चालली होती. म्हटलं, मामा आहेत, आता पाणी येणार. निवांत झोपले मी."

लोकांनी माना डोलावल्या. शिंपीकाकांनीही ऐकली होती. इस्त्रीवाल्यानेही. सगळ्यांनीच ऐकली होती.

ताईने मान वर केली.

ती त्या दुपारी ऑफिसात होती. संध्याकाळी पाणी आलं नाही म्हणून लोक कुरकुरत तळघरात उतरले, तेव्हा मामा पंपाशेजारी पडलेला सापडला. हातात पाना होता. हृदय बंद पडलं, क्षणात गेले, त्रास झाला नाही, असं सगळ्यांनी तिला सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर ती तग धरून होती.

"कशी ठकठक?" तिने विचारलं.

बाईंनी बोटाने टेबलावर वाजवून दाखवलं. अगदी प्रेमाने.

ठक ठक ठक...

मग थोडं थांबून...

ठक ठक ठक...

"किती वेळ, बाई?"

"बराच वेळ. तासभर तरी असेल. दमायचे नाहीत ते."

ताईला किंचाळावंसं वाटलं. पण कुणावर? सगळी त्याच्यावर जीव टाकणारी माणसं.

तेवढ्यात...

हॉलच्या कोपऱ्यात एक पाइप वर गेला होता. त्यातून आवाज आला.

ठक ठक ठक...

बाईंचे दोन्ही हात मांडीवर होते.

कुणी जागचं हललं नाही. ताई मात्र उठली आणि धावत सुटली.

तळघराला बाहेरून कडी होती. तिने ती काढली, दिवा लावला. पंप बंद होता. फरशी कोरडी. आत कुणीच नव्हतं. पाइपावर हात ठेवला तर तो थरथरत होता.

"बाबा, आले मी. इथेच आहे."

तिने मुठीने पाइपावर एकदा ठोकलं. आले.

आवाज थांबला.

तिला रडू फुटलं. पोचलं, तिला वाटलं. पोचलं त्याला.

आणि मग...

ठक ठक ठक...

पहिल्यापेक्षा हळू. हात थकल्यासारखे.

ती आले, आले म्हणत ठोकत राहिली. पार सालटं निघेपर्यंत. लोकांनी तिला धरून वर आणलं.

पुढे इमारतीने सगळे पाइप प्लास्टिकचे करून घेतले. का, ते कुणी विचारलं नाही. ताईने फक्त तो गळका नळ आणि त्यामागचा लोखंडी तुकडा काढू दिला नाही. तो तुकडा आता कशालाच जोडलेला नाही.

परवा दुपारी मी तिच्याकडे गेलो होतो. चहा पीत बसलो होतो.

ठक ठक ठक...

ताईने कप ठेवला. मी तिचा हात धरला, नको जाऊस म्हटलं.

"मी गेले नाही तर त्यांना वाटेल, मी घरात नाहीये," ती म्हणाली.

तिने उलथनं घेऊन एकदा ठोकलं आणि जिना उतरून गेली.

मी ऐकत बसलो. एव्हाना ती खाली पोचली असणार.

ठोके थांबले नव्हते.