डाव्या कडेला बसलेली

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे खरंच घडलंय. माझ्या बहिणीच्या नवऱ्याबाबत, कापेम्ब्वाबाबत. सेरेंजे गावाच्या अलीकडच्या वळणावर, ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी.

कापेम्ब्वा तांबं भरलेला ट्रक घेऊन सीमेपर्यंत जायचा. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. उजेड-अंधार सोडून त्या डोळ्याला काही कळत नव्हतं. त्यानं मालकाला, सिकाझ्वेला, स्पष्ट सांगितलं. ऑपरेशनपुरती सुट्टी मागितली.

सिकाझ्वे हसला. म्हणाला, दुसरा डोळा आहे ना? नाही दिसलं तरी चालेल.

लायसन्ससाठीच्या नजर-तपासणीला त्यानं कापेम्ब्वाच्या नावावर स्वतःच्या भावाला उभं केलं.

त्या वळणावर डाव्या कडेला बाना मुलेंगा कोळशाची पोती विकायला बसायची. एक दिवस ती कापेम्ब्वाच्या ट्रकखाली गेली.

कापेम्ब्वाला ती दिसलीच नाही.

सिकाझ्वेनं प्रकरण दाबलं. तिची पोरं उघड्यावर पडली. ट्रक मात्र लगेच पुन्हा रस्त्यावर.

ऑक्टोबरातल्या त्या संध्याकाळी सिकाझ्वे ट्रकात कापेम्ब्वाशेजारी बसला होता. वळण जवळ आलं. इंजिन चालू होतं, पण आवाज... येईनासा झाला.

आणि डाव्या डोळ्याला... दिसलं.

पोत्यांवर बसलेली बाई. लख्ख. कमरेच्या कापडावरची पिवळी फुलंसुद्धा.

त्यानं डावा डोळा झाकला. कडेला कुणी नाही.

उजवा झाकला... ती त्याच्याकडेच बघत होती.

त्यानं ब्रेक दाबला.

"चल की रे. कोण आहे तिथं?" सिकाझ्वे खेकसला.

"ती जिवंत होती तेव्हा 'नाही दिसलं तरी चालेल' म्हणालात. आता दिसतेय, मालक. आता नाही चालणार."

किल्ली सिकाझ्वेच्या मांडीवर टाकून तो उतरला. मागून शिव्या येत राहिल्या. तो चालतच सेरेंजेला पोचला.

पुढे सरकारी दवाखान्यात त्याचं ऑपरेशन झालं. सिकाझ्वेनं दुसरा ड्रायव्हर ठेवला. त्याची नजर तर कुणी तपासलीही नाही. हे सांगतानासुद्धा माझं डोकं फिरतं.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं बसनं तिथून गेलो. भर दुपारी. मला कोळशानं काळी पडलेली माती तेवढी दिसली. कापेम्ब्वानं उजवा डोळा झाकला... आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"दोघी आहेत," तो म्हणाला.

पुढच्या थांब्यावर उतरून आम्ही गावात विचारलं. त्या वळणावर दुसरं कुणीच अजून मेलेलं नाही.

आम्ही कोळसेवाल्या बायकांना हात जोडून सांगितलं, तिथं बसू नका. त्यातली एक माझ्यावर चिडली. म्हणाली, मग विकायचा कुठं, तुझ्या दारात?

सिकाझ्वेचा ट्रक अजून त्याच रस्त्यानं जातो.