सात नंबरची आतली कडी

सुज्ञ वाचकहो, एका माणसाच्या तोंडून भीतीपोटी एक शब्द निघाला आणि त्या शब्दाने पुढे काय केले, ते आता सांगावयाचे आहे. हे सन २००४ च्या उन्हाळ्यात कारेगाव येथे घडले. ते का घडले हे मला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते मी लिहिणार नाही.

औद्योगिक वसाहतीच्या कडेला बारा खोल्यांची एक चाळ होती. वर पत्रा, प्रत्येक खोलीस पुढे एकच लोखंडी दार, आणि मागे खिडकी नाही, कारण मागची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीला टेकलेली होती. मालक पुण्यास राहत. देखरेख रखमाजी आप्पा करीत. आप्पा मूळचे कासुर्डीचे. त्यांचे अर्धे आयुष्य मेंढरांमागे गेले होते. पत्नी अनसाबाई हिला दमा होता. मूलबाळ नव्हते. देखरेखीच्या बदल्यात एक नंबरची खोली त्यांना राहावयास मिळाली होती, आणि ती गेली असती तर आजारी बायकोला घेऊन जाण्यास जगात दुसरे छप्पर नव्हते.

भाडेकरू सगळे कारखान्यांत काम करणारे एकटे जीव. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला जग दिवसा झोपू देत नाही. पोरे दार वाजवितात, विक्रेते वाजवितात, गाववाले वाजवितात. म्हणून चाळीत एक रीत पडली होती. झोपणाऱ्याने आत जावे आणि आप्पांनी बाहेरून कुलूप लावावे. कुलूप दिसले की कोणी दार वाजवीत नसे. चार वाजता आप्पा कुलपे काढीत. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या करदोड्याला बांधलेला असे. कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून पाहत. मेंढवाड्याचे फाटकही ते तसेच पाहत आले होते.

"मेंढरं कोंडल्यागत कोंडताय की वो आप्पा," सात नंबरचा संघर्ष आतून म्हणे.

"मेंढरं बरी. त्यांच्या सॉक्साचा वास तरी येत न्हाई," आप्पा बाहेरून म्हणत, आणि दोनदा ओढत.

संघर्ष दौंडचा. वय बावीस. आईने धुणीभांडी करून त्याला आयटीआय शिकविले होते.

चैत्रातल्या एका दुपारी अनसाबाईचे औषध संपले, म्हणून आप्पा शिरूरला गेले. जुडगा कमरेलाच राहिला. एकच्या सुमारास भारनियमन संपून वीज आली, ती फार जोराने आली. सात नंबरमधील पंख्याची वायर पेटली आणि तिच्याखालची गादी धुमसू लागली. संघर्षाने दार वाजविले. ते ऐकून शेजारची दारेही वाजू लागली, परंतु तीही सगळी आतूनच वाजत होती. चाळीत मोकळा पुरुष एकच होता. पाच नंबरचा पोपट तापामुळे घरी राहिला होता. त्याने पहार शोधून आणून कोयंडा उखडला, तोपर्यंत आतला हात थांबला होता.

आप्पा परतले तेव्हा उखडलेल्या कोयंड्यासह कुलूप मातीत पडले होते. ते अजून बंदच होते. आप्पांनी ते उचलले, चाळीमागच्या पडक्या विहिरीत टाकले आणि मग इतरांची दारे उघडली. पोपटाने हे पाहिले.

पंचनाम्यास आलेल्या पोलीस साहेबांनी विचारले, दार आतून होते का बाहेरून. आप्पा म्हणाले, "दार आतून लावल्यालं व्हतं."

पोपटाला विचारले, तेव्हा त्यानेही होकारार्थी मान हलविली. कोयंडा बाहेरून का उखडला, हे कोणी विचारले नाही. चाळ गप्प राहिली. खोली गेली तर जावयाचे कुठे, हा प्रश्न प्रत्येकालाच होता.

दहाव्या दिवशी संघर्षाची आई चांगुणाबाई दौंडहून आली. सात नंबरच्या उंबऱ्यावर ती बराच वेळ उभी राहिली.

"जय भीम, आप्पा. एकच इचारते. दार आतून व्हतं का भायेरून?"

"आतून, बाई."

"लहानपणी एकदा संडासात कोंडला व्हता. तवापासून त्यानं आतून कडी कवाच लावली न्हाई. न्हाताना दाराला पाय लावून न्हायचा." ती जराही रडली नाही. पिशवीतून तिने एक पोस्टकार्ड काढले. त्यावर दौंडचा पत्ता अगोदरच लिहिलेला होता. "तुम्ही थोर हायसा. नीट आठवा आन् यवढ्यावर लिवून टाका. एकच शब्द. मी वाट बघते."

आप्पांनी ते कार्ड आरशामागे खोचले.

त्यानंतर मालकांच्या सांगण्यावरून सात नंबरला रंग दिला आणि नवे कुलूप लावले. खोली दाखविण्यासाठी आप्पांनी ते काढले, तर दार हलेना. खांदा लावला, तेव्हा आत कडी पडल्याचा आवाज झाला आणि दार उघडले. आत कोणी नव्हते. ताज्या रंगाखालून जळक्या कापसाचा वास येत होता.

"उन्हानं लोखंड फुगतं, आप्पा," पोपट म्हणाला. ते खोटे नव्हते.

आप्पांनी स्क्रू काढून ती आतली कडीच उतरविली. दुसऱ्या दिवशी दार पुन्हा आतून लागले होते.

मग सहा नंबरचे दार तसेच आतून लागले. मग चार नंबर, ज्यातला माणूस गावी गेला होता. आप्पांनी बाहेरून कुलूप लावण्याची रीत बंद केली.

"मग झोप कशी लागायची वो?" भाडेकरू कुरकुरले. "तुमच्या कुलपाबिगर डोळाच मिटत न्हाई."

"न मिटंना," आप्पा म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी आपल्या एक नंबरच्या दाराची आतली कडी काढली. चार भोके तेवढी राहिली. अनसाबाई हसली. "आता वाऱ्यानं दार उघडंल आन् कुत्रं भाकरी न्हील."

"न्हेऊ दे."

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पा कार्ड घेऊन पोपटाकडे आले. "लिही. बाहेरून." पोपटाने पेन काढले आणि तो एक शब्द लिहिला. दोघांनीही एकमेकांकडे पाहिले नाही.

आप्पा एसटी थांब्याजवळच्या टपालपेटीपर्यंत गेले. कार्ड पेटीच्या तोंडाशी धरून ते उभे राहिले. हा शब्द दौंडला पोचला की पोलीस येतील, मालक येतील, आणि अनसाबाईची खाट रस्त्यावर येईल. त्यांनी कार्ड पुन्हा खिशात घातले. बारा वाजून गेले होते.

ते परतले तेव्हा एक नंबरचे दार बंद होते. बाहेर कुलूप नव्हते. फटीतून स्टोव्हचा काळा धूर येत होता.

आप्पांनी दार ढकलले. ते हलले नाही.

"अनसे, दार उघड."

"मी कुठं लावलंय?" आतून खोकत ती म्हणाली. "तुम्हीच भायेरून कुलूप लावून गेलासा."

"कुलूप न्हाई गं हितं!"

"कसं न्हाई? दोनदा ओढलंत. मी ऐकलं की."

आप्पा दारावर आदळू लागले. सगळी चाळ बाहेर आली. तेव्हा ते भर दुपारी, सर्वांसमक्ष ओरडले, "बाहेरून व्हतं! सात नंबर बाहेरून व्हतं! माझ्या हातानं लावलं व्हतं!"

दार उघडले नाही.

पोपट पहार घेऊन धावला. परंतु उखडावयास कोयंड्यात काहीच नव्हते. बिजागऱ्या तोडाव्या लागल्या.

आतून दार वाजत होते. मग हळू वाजू लागले.

मग थांबले.

पंचनाम्यास तेच साहेब आले. त्यांनी तोच प्रश्न विचारला. "दार आतून होतं, का बाहेरून?"

आप्पांनी तोंड उघडले. त्यातून एकही शब्द आला नाही. पुढे कधीच आला नाही.

दाराच्या आतील बाजूस कडीची चार भोके रिकामी होती. उंबऱ्याच्या आत एक कुलूप पडले होते. ते बंद होते, ओले होते, आणि त्याला विहिरीतले शेवाळ लागलेले होते.

आप्पांच्या खिशातील कार्ड मीच टपालात टाकले. पाच नंबरचा पोपट तो मीच. दौंडहून उत्तर आलेले नाही. वाचकांनी शेवटपर्यंत वाचले, याबद्दल त्यांचा मनापासून आभारी आहे. माझ्या खोलीची कडी मी त्याच दिवशी काढली, आणि दाराला वीट लावून ते उघडे ठेवूनच झोपतो. सकाळी वीट जागच्या जागी असते, आणि दार लागलेले असते.

आपला नम्र,
पोपट गेणबा कोळपे
खोली नंबर पाच, कारेगाव, तालुका शिरूर