ब्याऐंशी किलो आणि चार कप्प्या

तो पहिल्यांदा आमच्या बोटीच्या सामानाच्या दुकानात आला तेव्हा त्याच्या कानामागे पेन्सिल होती आणि भुवयांत लाकडाचा भुसा. स्वतःची बोट स्वतःच्या हातानं बांधणारा सुतार. त्यानं यादी पुढे केली. पाण्यातून बोटीवर चढायची एक शिडी, आणि पाण्यात पडलेल्या माणसाला काखेखालून अडकवून वर ओढायचा पट्टा, दोर-कप्प्यांसकट.

"बोटीवर तुमच्याबरोबर कोण असणार?" मी विचारलं.

"अजून तरी... कोणी नाही."

"मग पट्टा कशाला? तुम्ही पाण्यात पडलात तर ओढणार कोण? मासे?"

त्याचे कान लाल झाले. "मला वाटलं, मीच ओढेन."

"सगळ्यांना तेच वाटतं. पाण्यात पडणारा कायम दुसराच असतो." मी यादीतला पट्टा खोडला.

माझी जीभ एवढी तिखट का, ते सांगायला हवं. नऊ वर्षांपूर्वी माझे बाबा आमच्याच बोटीवरून पडले. आई बोटीवर होती. तिनं त्यांना धरलं, पण ओल्या कपड्यांतला नव्वद किलोंचा माणूस तिला वर घेता आला नाही. ओढायचा पट्टा होता, पण बाबांनी तो स्वतःच्या ताकदीला बेतून घेतलेला. आईच्यानं तो दोर हललाही नाही. मदत पोचेपर्यंत बाबा तिच्या हातातच गेले.

तेव्हापासून आमच्या दुकानाचा नियम आहे. बोटीवर जो मागे राहणार, त्यानं आमच्यासमोर ओढून दाखवायचं. जमलं नाही तर पट्टा विकायचा नाही. आणि एक नियम माझा, कुणाला न सांगितलेला. बोटीवर पाय ठेवायचा नाही, आणि बोटवाल्या माणसाला जीव तर मुळीच लावायचा नाही.

शिडीसाठी तो चार वेळा आला. पहिल्यांदा बोट जमिनीवर असतानाच माप घेऊन आलेला.

"पाण्यात हिची एकच पायरी बुडेल," मी म्हणाले. "तिच्यावर पाय ठेवायला गुडघा हनुवटीपर्यंत आणाल?"

"आणेन की. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही म्हणतात."

"म्हणणाऱ्याला वरही यावं लागतं. चला धक्क्यावर."

धक्क्याला आम्ही शिड्या टांगून ठेवतो, गिऱ्हाइकानं अंगावरच्या कपड्यांनिशी चढून बघावं म्हणून. तो बुटांसकट उतरला. तीनदा घसरला, तिसऱ्यांदा तर पार नाकातोंडात पाणी. बारीक पाऊस लागला होता. मी टॉवेल दिला, तर त्यानं आधी पेन्सिल पुसली.

"तुम्ही हसताय," तो कुडकुडत म्हणाला.

"छे. मुळीच नाही."

हसत होते मी. कितीतरी दिवसांनी.

चौथ्या शिडीच्या तीन पायऱ्या पाण्याखाली जात होत्या, आणि पाण्यातूनच ओढून उघडता येईल अशी दोरी तिला होती. तो एका दमात वर आला.

"झालं," मी म्हणाले. "एकट्याला एवढं पुरतं."

"एकट्याला," तो म्हणाला. टॉवेलची नीट घडी घातली, माझ्याकडे बघितलं... आणि गेला.

मग महिनाभर त्याचा पत्ता नाही. आई गल्ल्यामागे बसून दोरांना गाठी मारत असते, पण तिचं लक्ष चौफेर. "दाराकडे बघत बसलं म्हणून गिऱ्हाईक येत नसतं गं," ती म्हणाली. मी उगाच कप्प्या पुसायला घेतल्या.

तो आला तो तीच यादी घेऊन. खोडलेली ओळ खाली पुन्हा लिहिली होती.

"ओढणारं माणूस बरोबर आणावं लागतं," मी म्हणाले. "नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणूनच... विचारायला आलोय." पेन्सिल कानामागून हातात आली, परत कानामागे गेली. "मी ब्याऐंशी किलोंचा. ओढणारं माणूस माझ्या अंदाजानं बावन्न. किती कप्प्या लागतील?"

मी हातातली कप्पी खाली ठेवली. "बाईमाणसाचं वजन असं अंदाजानं बोलू नये."

"चुकलं का?"

"...चोपन्न."

तो हसला. मी मात्र हसू शकले नाही. "मी बोटीवर पाय ठेवत नाही," मी म्हणाले, आणि का ते पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं.

त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. "मग राहू दे. शिडी आहेच. एकट्यासाठी पुरते, तुम्हीच म्हणालात." आवाजात रुसवा नव्हता, म्हणून तर जास्त लागलं.

तो दारापर्यंत पोचला तेव्हा आई उठली. तिनं भिंतीवरचा एक पट्टा काढून माझ्या हातात ठेवला. "चार कप्प्यांचा आहे. तुला जमेल."

"आई..."

"मी येते धक्क्यावर. घड्याळ घेऊन."

बोटीला नव्या वॉर्निशचा वास होता. धक्क्यावरच्या आईकडे बघतच मी आत पाय टाकला. त्यानं पाण्यात उडी मारली, पट्टा काखेखाली घेतला आणि डोळे मिटले. "मी बेशुद्ध आहे हं. काही मदत करणार नाही."

मी दोर ओढू लागले. हातभर दोर ओढावा तेव्हा तो अर्धी वीत वर यायचा. तळवे सोलवटून निघाले. त्याचा चेहरा कठड्याशी आला... ओले केस, मिटलेले डोळे. मला बाबा दिसले. हात थांबले. पुढे एक इंचही ओढवेना.

त्यानं एक डोळा उघडला. "बेशुद्ध असलो तरी सांगतो. कप्पीची पकड घट्ट आहे, दोर मागे जात नाही. मी कुठे जात नाही. तू ओढ."

आजवर तुम्ही-तुम्ही करणारा माणूस. मी ओढलं.

तो कठड्यावरून आत डेकवर आला, आणि मी दोर मुठीत तसाच धरून खाली बसले आणि पोटभर रडले. तो जवळ बसून राहिला, अंगातून पाणी निथळत.

"झालं ना आता?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही. दर महिन्याला असं ओढून बघायचं. आणि मीच ओढणार. दुसरं कोणी नाही."

"दुसरं कोणी नाहीच आहे," तो म्हणाला, आणि माझी मूठ उघडून त्यातला दोर हलकेच काढून घेतला. हात मात्र सोडला नाही.

धक्क्यावर आई अजून घड्याळाकडेच बघत होती. "चार मिनिटं," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "मी चाळीस मिनिटं धरून होते गं त्यांना."

तिनं घड्याळ पर्समध्ये ठेवलं, चपला काढून धक्क्यावर नीट जोडून ठेवल्या आणि हात पुढे केला. आम्ही दोघांनी मिळून तिला बोटीवर घेतलं.