खालच्या वाळूतली मेणबत्ती

शहरातल्या इस्पितळात जाऊन तपासणीचा निकाल आणायचा, येताना मेहुणीकडे कॉफी प्यायची आणि दिवेलागणीच्या आत घरी पोहोचायचं, एवढाच झिवादिनचा त्या दिवशीचा बेत होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला पडद्यावर त्याचंच हृदय दाखवलं. फुगलेलं, सैल पडलेलं, आणि स्नायूवर जागोजागी वण.

"कशामुळे?"

"कारण सापडत नाही, आजोबा. पुष्कळदा सापडतच नाही. गोळ्या घ्या, मीठ सोडा."

झिवादिनला रागच आला. मोरावा नदीकाठच्या त्याच्या गावात गाय आटली तरी त्याला कारण असे, आणि त्या कारणाचं नाव, घर आणि सासर सगळ्यांना ठाऊक असे. आणि इथे त्याच्या हृदयाच्या दुखण्याला साधं कारणही नाही!

मेहुणी देसांकाला त्याने डॉक्टरीणबाईंना न सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. बायको, रुझा, वर्षापूर्वी गेली. तेव्हापासून त्याला सपाट झोपता येत नाही, उशांच्या ढिगाला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घ्याव्या लागतात. आणि घरात...

"घरात काय, भावजी?"

"मिठाचं भांडं नाहीसं होतं. चिखलाचे बूट सकाळी पुसून ठेवलेले असतात. सिगारेट काढली, की मागे कुणीतरी सुस्कारा टाकतं... तिच्यासारखा."

देसांकाने आवाज खाली आणला. "आणि छातीत?"

"छातीत कुणीतरी कपाट सरकवतंय. तिला कधी एका जागी ठेवलेलं कपाट बघवलंय का?"

"अगं बाई! चला उठा. मी दर रविवारी तुमच्या नावाने मेणबत्ती लावते, आज तुमच्यादेखत लावते."

गावच्या चर्चमध्ये धूप आणि ओल्या भिंतींचा वास कोंडला होता. दाराशी वाळू भरलेली लोखंडी पेटी होती, दोन मजल्यांची. वरचा मजला जिवंतांसाठी, खालचा मेलेल्यांसाठी. देसांकाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिने चाचपडत एक मेणबत्ती पेटवून वर खोचली, "ही रुझाची." दुसरी खाली खोचली. "ही तुमची."

झिवादिनने तिचं मनगट धरलं.

"देसांका... वर्षभर अशाच लावतेस?"

"मग? मेलेली माणसं वर जातात, नाही का?"

"अगं बये, खाली मेलेल्यांची जागा आहे! वर्षभर तू मला पुरते आहेस आणि तिला..."

वरची मेणबत्ती फडफडली. दार तर बंद होतं.

"बदला! आत्ताच्या आत्ता बदला, भावजी! तुमची वर, तिची खाली. बरे व्हाल."

झिवादिनने दोन्ही मेणबत्त्या उपटून हातात घेतल्या. त्याला जगायचं होतं. या शरदातला प्लमचा माल उकळून राकिया, घरची दारू, गाळायची होती. पण खालच्या वाळूकडे हात नेला की छातीतलं ते कपाट थांबायचं. कुणीतरी श्वास रोखून त्याच्याकडे बघत असावं, तसं. तिला खाली धाडलं, तर घर मुकं होईल.

त्याने दोन्ही मेणबत्त्या वर खोचल्या, शेजारी शेजारी.

"असं चालत नाही हो!"

"जन्मभर भांडलो. आणखी थोडं भांडू."

चर्च सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या ओब्रादने मेणबत्त्या विझवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. देसांका घरापर्यंत बडबडत होती.

त्या रात्री झिवादिनला गाढ झोप लागली. उजाडताना जाग आली तेव्हा तो सपाट पडलेला होता, उशा जमिनीवर, छाती हलकी. स्वयंपाकघरात मिठाचं भांडं फळीवर जागच्या जागी होतं. बूट चिखलानेच भरलेले होते. त्याने मुद्दाम सिगारेट काढली. मागे कुणी सुस्कारा टाकला नाही. मग मात्र तो घाबरला आणि तसाच चर्चकडे निघाला.

ओब्रादने त्याच्यासमोर कुलूप उघडलं. वरच्या वाळूत झिवादिनची मेणबत्ती एकटीच जळत होती. रुझाची खाली होती, नीट, सरळ खोचलेली, आणि तीही पेटलेली.

"उंदीर असतील," ओब्राद छातीवर क्रूसाची खूण करत पुटपुटला.

"उंदीर काड्या ओढत नाहीत, ओब्राद."

झिवादिनला रडू आवरेना. "शेवटचा शब्द आपलाच हवा ना तुला? कधी ऐकशील माझं?" तो खालच्या मजल्याशी वाकून म्हणाला. ऐकायला कुणी नव्हतं. छातीतही नव्हतं. तिने आपणहून जागा सोडली होती, त्याला जगू द्यायला.

डोळे पुसून तो तिच्या ज्योतीजवळ आणखी वाकला, आणि तसाच थांबला. तिच्या मेणबत्तीला अगदी लागून, वाळूत बोटाने केलेलं एक ताजं भोक होतं, आणखी एक मेणबत्ती बसेल एवढं. कडा जपून थोपटलेल्या. रिकामं.