राणीचं पांघरूण

"ताई, मुंग्यांनी पिठाची गिरणी लुटली की काय?" अबेलिनो ओरडला.

वर्षअखेरची सुट्टी होती. ओतिल्या, तिचा धाकटा भाऊ अबेलिनो आणि मामेबहीण चुस गळ घेऊन तळ्याकडे निघाली होती. वाटेत पानं कापणाऱ्या मुंग्यांची रांग आडवी आली. प्रत्येक हिरव्या तुकड्यावर पांढरी भुकटी! ओतिल्याने ती बोटावर घेऊन चोळली. दगडाचा चुरा! आणि रांग येत होती थेट राणीच्या शिळेकडून.

त्या शिळेवर कोरलेली जुन्या काळची राणी ओतिल्याची फार लाडकी होती. खोदकामाला आलेल्या बाईंनी तिची गोष्ट शिळेवरून वाचून दाखवली होती. जळालेल्या नगरात परक्या गावची ही पोर आली, विझलेल्या चुली पेटवल्या, राज्य केलं, आणि नगर जाळणाऱ्या राजालाच बांधून पायाखाली घेतलं!

पण शिळा पानांखाली होती. गावची रीतच होती: मक्याची पेरणी झाली, की राणीला पानं पांघरायची आणि कोंब दिसेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही.

"आजोबा, एकदाच बघू द्या ना!" तिने गावच्या वडीलधाऱ्या माकारिओंना विनवलं.

"कोंब येऊ देत! यंदा तर चित्रकार पाहुण्यानं स्वतः पांघरूण घातलंय. आम्ही सगळे शेतावर होतो. केवढा मान दिला त्यानं!"

"आणि त्यानं आणलेलं ते घरघरणारं यंत्र?"

"शिळा धुवायचं होतं ते. पळा आता!"

पाहुणा तर जड पेट्या होडीत घालून केव्हाच गेला होता. ओतिल्याचा धीर सुटला.

"हात लावायचा नाही ना?" चुस हळूच म्हणाली. "मग आमच्या डुकरिणीला कुठे हात आहेत?"

तिघांनी मक्याचं ओलं पीठ लांबूनच पानांवर फेकलं आणि डुकरीण सोडली. तिने एका दमात पांघरुणाचा फडशा पाडला! माकारिओ काठी उगारत धावत आले आणि जागीच थिजले.

राणी नव्हती. शिळेची कोरीव बाजू करवतीने कापून नेली होती. खाली उरली होती फक्त तिची दोन पावलं, आणि पावलांखालचा तो बांधलेला राजा.

संध्याकाळपर्यंत सारा गाव जमला. तळ्यापलीकडे माणसं धावली आणि हात हलवत परत आली. "पोरांनो, तुम्हीच खरे हुशार!" माकारिओ रडत म्हणाले. "आम्ही चोराला जेवू घातलं, वर त्याचे आभार मानले. शाबास गं पोरी!"

एरवी अशा शाबासकीने ओतिल्या गावभर मिरवली असती. आज तिला ती नकोशी झाली.

"कोंब आले, की परत येईल ती?" अबेलिनोने विचारलं.

"नाही रे."

माकारिओ नवीन पानं घेऊन पुढे झाले. ओतिल्याने त्यांचा हात धरला.

"आता कोणाला पांघरताय, आजोबा?"

माकारिओंनी पानं खाली ठेवली. बांधलेला राजा मान वळवून वर बघत होता, आणि त्याच्यावर कोणीच उभं नव्हतं.