आजार नसलेल्यांचं औषध

तो पहिल्यांदा दुकानात आला तो बोट कापून घेऊन. कागदाने कापलं होतं. फाइलचा पुठ्ठा कोरा करकरीत, आणि हा घाईत. बाहेर भुरभुर पाऊस लागला होता. चष्म्याच्या काचांवर थेंब साचलेले, त्यामुळे काउंटरपलीकडे कोण उभं आहे हे त्याला धड दिसतही नव्हतं. त्याने एक चिकटपट्टी मागितली. तिने ती दिली, कापसाचा बोळा औषधात भिजवून पुढे सरकवला, आणि तो बोट पुसतोय तोवर बिल लिहायला घेतलं.

"एका पट्टीचं बिल?"

"एका पट्टीचंही असतं," ती म्हणाली.

त्याने चष्मा पुसला, बिल डोळ्यांजवळ नेलं, आणि ते तसंच धरून उभा राहिला. नको इतका वेळ.

"हे अक्षर मी ओळखतो."

औषधाच्या दुकानात उभं राहून पुरुष काहीबाही बोलतात, याची तिला सवय होती. तिने न ऐकल्यासारखं केलं. पण त्याने पुढे जे सांगितलं त्याने तिचं पेन थांबलं. दोन गल्ल्या सोडून विमा कंपनीची कचेरी होती. तिथे तो आरोग्यविम्याचे क्लेम तपासायचा. शिलाईच्या कारखान्यातल्या बायकांची औषधांची बिलं त्याच्याच टेबलावर यायची, आणि त्यातलं हे उभं, ठसठशीत अक्षर तो तीन वर्षं वाचत आला होता.

"म्हणजे ती सही तुमची," ती हळूच म्हणाली.

सही तिनेही पाहिली होती. बायका पत्रं घेऊन तिच्याकडेच यायच्या, ताई, काय लिहिलंय सांगा म्हणून. 'आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे', आणि खाली शेपूट उंच उडवलेली एक सही. कारखान्यात त्या सहीला नाव पडलं होतं... नामंजूर साहेब. तिने तेही सांगून टाकलं. तो आधी हसला नाही. मग हसला.

अशी ही ओळख. अक्षराची आधी, चेहऱ्याची नंतर.

दोघांमध्ये जो कागद येत होता त्याची गोष्ट साधी होती. त्या रस्त्यावर औषधांची तीन दुकानं होती. कारखान्याच्या विम्यात डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं बसत, पण गर्भनिरोधक गोळी बसत नसे. ती आजारावरचं औषध नाही, म्हणून. बाकीच्या दोन दुकानांनी यावर सोपी वाट काढली होती. द्यायची ती गोळी आणि बिलावर लिहायचं, रक्तवाढीच्या गोळ्या. डॉक्टरही चिठ्ठीवर अशक्तपणा लिहून मोकळे होत. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

हिचं अडत होतं. रोज पहाटे अंघोळ करून ती प्रार्थनेला बसायची आणि उठताना एकच निश्चय करायची, आज खोटं बोलणार नाही, लिहिणार नाही. फक्त आजचा दिवस. उद्याचं उद्या पहाटे. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण आत्याला माहीत होतं, कारण दुकान आत्याचं होतं आणि तुटणारी गिऱ्हाइकंही आत्याचीच. "तुझ्या नेमाचं पुण्य तुला," आत्या म्हणायची, "आणि माशा मारायला मी."

तो पुन्हा आला, खोकल्याचं औषध घ्यायला. मग कापूस. मग तापमापक, जो त्याच्या घरी एक होताच, हे त्याने पैसे देताना स्वतःच कबूल केलं. आतल्या फळ्यांपाशी डबे लावणारी आत्या, ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटली की या माणसाला एवढं होतंय, तर आधी याचाच विमा उतरवा.

तो वाद घालायला यायचा, असं तो म्हणे. तीही वाद घालायची... कापसाचे गुंडाळे रचता रचता, मान वर न करता.

"विमा अनपेक्षित गोष्टीचा असतो," एकदा तो म्हणाला. "अपघात, ताप. महिन्याच्या महिन्याला ठरवून घ्यायच्या वस्तूला विमा कसा द्यायचा?"

"अनपेक्षित काही होऊ नये म्हणूनच तर घेतात."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पण... तो आजार तर नाही ना?"

"बाळंतपण आजार आहे?"

"नाही."

"त्याचा खर्च देता."

"देतो."

"म्हणजे बाई आडवी झाली की देता. उभी राहायचं म्हणते, तेव्हा नाही."

जाताना त्याने एक गंमत सांगितली. त्याच्या कचेरीतल्या कागदांप्रमाणे या गावातली प्रत्येक बाई अशक्त होती. रक्त म्हणून कुणाच्या अंगात नाही. धडधाकट बायका राहतात त्या एवढ्या एकाच दुकानाच्या आसपास. ती पहिल्यांदा मोकळी हसली, आणि त्याने बाकी पैसे न घेताच दार ढकललं. परत यायला तेवढंच निमित्त.

तिला काही शंका नव्हत्या असं नाही. मूल ही देवाची देणगी, हे ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती आणि तिचा त्यावर विश्वासही होता. पण देणगी घ्यायला हात मोकळे लागतात. कारखान्यात काजं करणारी एक बाई तिच्याकडे यायची, सगळे तिला काजवालीच म्हणत. पदरात तीन मुलं. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पुन्हा दिवस गेले तर तुमचं काही खरं नाही. बाकीच्या दोन दुकानांपैकी एक तिच्या दिराचं आणि दुसरं दिराच्या मित्राचं. तिथे गोळी मागितली तर संध्याकाळच्या आत सासूच्या कानावर. म्हणून ती इथेच यायची. खरं बिल न्यायची आणि नामंजुरीचं पत्र घेऊन परत यायची. तीन पत्रं झाली. चौथ्या महिन्यात ती आलीच नाही. रस्त्यात भेटली तेव्हा नजर चुकवत म्हणाली की ताई, या महिन्यात मुलांची वह्यापुस्तकं होती, राहिलंच ते.

हे तिने त्याला सांगितलं. मागणं म्हणून नव्हे, नुसतं सांगितलं. तिने कधी आवाज चढवला नव्हता आणि त्या दिवशीही चढवला नाही. तो ऐकत राहिला. काउंटरच्या काचेवर त्याच्या बोटांचे ठसे उमटले होते, ते त्याने स्वतःच बाहीने पुसले, आणि गेला.

चार दिवसांनी आला तो उजळलेल्या चेहऱ्याने. काहीच विकत घ्यायचं नव्हतं. खिशातून एक कागद काढून त्याने काचेवर ठेवला. काजवालीचा मागे नाकारलेला क्लेम. खाली तीच उडत्या शेपटाची सही, आणि वर—मंजूर.

तिचे डोळे भरून यायच्या बेतात होते. मग तिची नजर औषधाच्या रकान्यावर गेली. तिने लिहिलेल्या शब्दांवर सरळ रेघ होती. शेजारी, त्याच्या अक्षरात, रक्तवाढीच्या गोळ्या.

"तुमच्यासाठी केलं," तो म्हणाला.

ती कागदाकडे बघत राहिली.

"माझ्यासाठी केलं असतं," ती म्हणाली, "तर असं केलं नसतं."

मग तिने जे सांगितलं ते इतक्या हलक्या आवाजात, की ऐकायला त्याला वाकावं लागलं. पुढच्या महिन्यात कारखान्याची पॉलिसी नवी व्हायची होती. कशाचा खर्च द्यायचा, कशाचा नाही, हे कागद बघूनच ठरणार. आणि कागदावर तर कुणी ही गोळी घेतच नाही. जी वस्तू कुणाला लागतच नाही, ती कोण कशाला मंजूर करील? तिची बिलं तेवढी खरं सांगत होती. त्यातलंही एक आज त्याने खोडलं.

"आता येऊ नका," ती म्हणाली.

कागद उचलून तो गेल्यावर आत्या बाहेर आली. एवढा चांगला मुलगा, एका गोळीपायी घालवलास, म्हणाली. तिने गोळ्यांचं पाकीट काढलं, काजवालीला नेऊन द्यायला, आणि पैसे आपले भरायचे म्हणून बिल आपल्याच नावावर लिहिलं. औषधाचं नाव जसंच्या तसं. आत्याने ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. बिनलग्नाच्या पुतणीच्या नावावर हे, चार लोकांनी पाहिलं तर माझं तोंड काळं, असं बरंच काही बोलली. बिल मात्र फाडलं नाही.

पंधरा-सोळा दिवस गेले. दार ढकललं गेलं की आपली मान वर होते, हे तिच्या लक्षात आलं. पहाटे प्रार्थनेतही मन दारापर्यंत जाऊन यायचं. तसं झालं की ती ते मुकाट्याने मान्य करायची आणि प्रार्थना पहिल्यापासून सुरू करायची. एके दिवशी चार वेळा सुरू करावी लागली. दुकान उघडायला उशीर झाला. आत्याने विचारलं तर खरं सांगावं लागलं असतं. आत्याने विचारलं नाही.

बातमी आणली काजवालीने. जेवणाच्या सुट्टीत धावत आली होती, बोटांना अजून दोरे चिकटलेले. पॉलिसीची बैठक झाली होती. व्यवस्थापक, डॉक्टर, विमा कंपनीचे मोठे साहेब, आणि शिलाई विभागातल्या बायका भिंतीशी बाकावर. गोळीचा विषय निघाला तसे मोठे साहेब म्हणाले की आमच्या माहितीप्रमाणे अशी मागणीच नाही. तेव्हा नामंजूर साहेब उठले. म्हणाले, माहिती खोटी आहे, आणि त्यातला एक खोटेपणा माझ्या हातचा आहे. तो खोडलेला कागद त्यांनी स्वतःच टेबलावर ठेवला. मग एका दुकानाची तीन वर्षांची बिलं एका बाजूला, बाकी सगळ्या दुकानांचा अशक्तपणा दुसऱ्या बाजूला.

"सगळे गप्प," काजवाली म्हणाली. "मला कुठून बळ आलं देव जाणे. उठले आणि म्हटलं, मी अशक्त नाही हो साहेब. मी ती गोळी घेते. न घेऊन भागणार नाही म्हणून घेते."

तिच्या मागून एक उठली, मग आणखी एक. डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत बसले होते. शेवटी ठरलं, वर्षभर द्यायचा खर्च, मग बघायचं. पण चिठ्ठीवर आणि बिलावर नाव खरं हवं.

"आणि साहेब?" तिने विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवून.

"त्यांना टेबलावरून काढलं, ताई. खोटी नोंद केली म्हणून. आता जुन्या फायली लावतात तळघरात. सहीसुद्धा काढून घेतली. आता बिचाऱ्याला काही नामंजूरही करता येत नाही."

तिने त्याला लगेच निरोप पाठवला नाही. दुसरा दिवसही तसाच जाऊ दिला. तिसऱ्या दिवशी एक चिठ्ठी लिहिली, एका ओळीची, 'आता येत जा', आणि काजवालीच्या हाती दिली.

तो दुसऱ्याच दुपारी आला. ऊन पडलं होतं. शर्टाच्या कोपरांना फायलींची धूळ. काउंटरपाशी उभा राहिला आणि काही मागितलं नाही, तेव्हा तीच म्हणाली की काय देऊ.

"काही नको. सांगायला आलोय." तो थांबला. "माझी आता खुर्ची नाही, टेबल नाही. पगारवाढ दोन वर्षं होणार नाही. स्थळ म्हणून मी... फारसा बरा राहिलेलो नाही. तरी विचारतो. घरच्यांना घेऊन आत्यांना भेटायला येऊ का?"

आतल्या फळ्यांपाशी डब्यांचा आवाज बंद झाला.

तिने काउंटरवरचं पेन उचललं, टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"आधी एक विचारते," ती म्हणाली. "तुम्हाला मुलं किती हवीत?"

कुणा वधूने विचारावा असा हा प्रश्न नव्हता, निदान काउंटरवर, भर दुपारी. पण या वेळी त्याचे कान लाल झाले नाहीत. त्याने खरोखर विचार केला. ते तिला दिसलं.

"आईला दोन हवीत. मला एक तरी असावं असं वाटतं. पण अंग तुमचं. किती आणि केव्हा, ते तुम्ही ठरवा."

"आणि नकोच म्हटलं तर?"

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली, तिचा आवाज पार विरेपर्यंत तो चष्मा पुसत होता.

"वाईट वाटेल," तो म्हणाला. "लपवणार नाही. पण विचारायला तरीही आलो असतो."

काउंटरच्या टोकाला आत-बाहेर करायची एक फळी होती, बिजागऱ्यांवर उचलायची. ती तिथवर गेली, फळी वर उचलली आणि धरून उभी राहिली.

"मग आत या," ती म्हणाली. "ही बोलणी बाहेर उभं राहून होत नाहीत."